मोटारीतील खर्ज

धुळ्याच्या बाजारात दुकानासमोर उभ्या असलेल्या मोटारीत नवा बसविलेला ध्वनिसंच जो भरदार ठोका ऐकवितो, आणि ज्याच्या मोहाने गिऱ्हाईक मागचापुढचा विचार न करता खिशात हात घालते, तोच ठोका मुकटी मागे टाकून पारोळ्याच्या दिशेने मोटार ताशी ८० किलोमीटरने धावू लागताच निम्म्याहून अधिक लुप्त होतो, ही सुरत–नागपूर रस्त्यावरून नित्य जा-ये करणारांची जुनीच तक्रार आहे. आणि "भाऊ, बेस कमी पडी ऱ्हायना" या अहिराणी कैफियतीवर दुकानदाराचा निकालही बहुधा ठरलेलाच असतो, तो असा की, बटण आणखी फिरवा, नाही तर मोठा बफर, म्हणजे वूफर, घ्या. रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषधाची मात्रा वाढविण्याचा हा प्रकार असून, त्यात पैसा जातो, विद्युतघटावर ताण येतो, ध्वनिक्षेपकाची कॉइल जळते, आणि एवढे होऊनही एरंडोलपर्यंत जाईतो तक्रार जशीच्या तशी शिल्लक राहते. तेव्हा हा खर्ज नेमका कोठे गेला, तो मुळात गाण्यात किती होता, आणि मोटारीने त्यात स्वतःची भर किती घातली, या तीन गोष्टींचा तपशील आधी लावावा आणि मगच वाढीचा प्रश्न हाती घ्यावा, अशी या प्रकरणाची भूमिका आहे.

माणसाचा कान सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ग्रहण करतो असे ढोबळ मानाने धरतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. या विस्तीर्ण मुलखाचा अगदी तळचा परगणा, २० पासून सुमारे २०० हर्ट्झपर्यंतचा, तो खर्जाचा. बाजारात बेस म्हणतात तो हाच. दुर्दैव असे की रस्त्याचा आवाजही नेमक्या याच परगण्यात वस्तीला असतो. चाके रस्त्यावर आदळतात त्याचा घरघराट, पत्र्याचे थरथरणे आणि वाऱ्याचा दाब यांचे मोठे ओझे दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालीच पडते. आणि इंजिनाचा तर हिशेबच करता येतो. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून मिनिटाला २,४०० फेरे होत असता सेकंदाला ८० स्फोट, म्हणजेच ८० हर्ट्झचा अखंड गुंजारव चालू असतो; हल्लीच्या पुष्कळ लहान मोटारींत तीनच सिलिंडर असतात, तेथे त्याच गतीला हा आकडा ६० वर येतो. एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीस झाकून टाकतो हे शास्त्राला चांगले ठाऊक असून, जवळजवळच्या कंप्रतांच्या ध्वनींत हे झाकणे सर्वांत प्रभावी असते. म्हणजे पारोळ्याच्या अलीकडे गाण्यातला खर्ज नाहीसा होत नाही. तो रस्त्याच्या खर्जाखाली दडपला जातो. एवढे ध्यानात आले म्हणजे दुकानासमोर, इंजिन बंद ठेवून, ध्वनिसंचाची परीक्षा घेण्यात काय हशील आहे, याचा उलगडा आपोआप होतो.

दुसरा अपराधी आपला कानच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली जे मापन प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसून आले की, आवाज मंद असता कान खर्जाविषयी विलक्षण बधिर असतो आणि आवाज चढत जाईल तसतसे हे बधिरपण ओसरत जाते. आजच्या प्रमाणित आकड्यांनी बोलावयाचे तर, १,००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलचा असता तेवढाच ठळक वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ७८ डेसिबलची मजल गाठावी लागते. तोच १,००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलचा केला, तर ५० हर्ट्झच्या सुराला १०२ डेसिबल पुरतात. एकाला ३८ डेसिबलची चढ, तर दुसऱ्याला २२ चीच. म्हणूनच आवाज मोठा करताच गाणे एकाएकी भरल्यासारखे वाटते आणि लहान करताच पोकळ होते. ध्वनिसंचावर 'लाउडनेस' नावाचे जे बटण असते, ते मंद आवाजातील ही तूट भरून काढण्यासाठीच योजिलेले आहे. मोठ्या आवाजातही ते चालूच ठेवणारे लोक पाहिले म्हणजे पंगत उठल्यावरही वाढतच राहणाऱ्या यजमानाची आठवण होते.

आता मूळ गाण्याकडे वळू. कारण जे मुद्रणातच नाही ते कितीही बटणे फिरवून वाढविता येत नाही, ही गोष्ट उघड असूनही सर्वांत अधिक विसरली जाते. १९२५ पूर्वी तबकड्या मुद्रित होत तेव्हा गायकाने एका मोठ्या कर्ण्यात गावयाचे आणि त्या स्वरांच्या बळानेच सुईने मेणावर रेघ ओढावयाची, अशी रीत होती. त्या रीतीत दोनशे हर्ट्झखालचे फारसे काही तबकडीवर उतरतच नसे. बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्या मोटारीत लावून बेसचे बटण शेवटपर्यंत फिरविले, तर वाढेल तो तबकडीच्या फिरण्याचा घरघराटच. त्यानंतरच्या काळातील चित्रपटगीतांत खर्ज आहे, पण बेताचा. आणि तापीकाठचे थाळनेर ज्यांचे आजोळ, त्या लता मंगेशकरांचा कंठ तर खर्जाच्या परगण्यात क्वचितच पाऊल ठेवणारा. ती गाणी ऐकणाराने बेस वाढविला म्हणजे गळा झाकला जातो, दुसरे काही होत नाही. येथे खान्देशचा अभिमान बाजूस ठेवूनही म्हणावेसे वाटते की, ज्याला ती गाणी प्रिय आहेत त्याने मोठ्या बफरवर पैसा घालणे हा शुद्ध अपव्यय होय.

याउलट शास्त्रीय गायनाच्या मैफलीचे चांगले मुद्रण घ्या. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. पाश्चात्त्य बेस गिटारची सर्वांत ढाली तार ४१ हर्ट्झवर लागते, आणि यंत्रावर घडविलेल्या आजच्या अहिराणी गाण्यांतील ठोका पन्नास-साठच्या घरात, कित्येकदा त्याहूनही खाली उतरतो. काठीच्या राजवाडी होळीत आणि सातपुड्याच्या इतर पाड्यांवर जे अगडबंब ढोल वाजतात, त्यांचा आवाज कानाआधी पोटाला कळतो असे ऐकणारे सांगतात ते खोटे नव्हे. परंतु त्याच ढोलाचे खिशातल्या फोनवर घेतलेले मुद्रण मोटारीत लावले असता तो डब्यासारखा वाजतो, कारण त्या इवल्या मायक्रोफोनने तळचा भाग टिपलेलाच नसतो. दोष ढोलाचा नव्हे, आणि मोटारीचाही नव्हे.

येथे कानाची एक करामत सांगितलीच पाहिजे. एखाद्या स्वरात ४१, ८२, १२३, १६४ अशी कंपनांची मालिका असते. तीतून पहिले, मूळचे ४१ काढून टाकले तरी उरलेल्या मालिकेवरून मेंदू त्याची कल्पना करतो आणि आपल्याला स्वर ४१ चाच भासतो. दाराच्या लहान ध्वनिक्षेपकांतून, ज्यांना साठाच्या खाली काही देताच येत नाही, त्यांतूनही बेस गिटारची चाल ओळखता येते ती यामुळे. आपल्या तबल्याचे थोरपण याच मालिकेशी निगडित आहे. साध्या ताणलेल्या चामड्याची कंपने अशा सरळ पटीत नसतात, म्हणून साध्या नगाऱ्याला स्पष्ट स्वर नसतो. तबला-मृदंगावरील शाईच्या लेपामुळे ती जवळजवळ पटीत येतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासमवेत १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडली आणि १९३४ साली स्वतंत्र निबंधात तिचा विस्तार केला. डग्ग्याचा घुमारा मोटारीत नीट उतरतो की नाही, ही आमच्या मते कोणत्याही विलायती कसोटी-तबकडीपेक्षा चांगली परीक्षा आहे. कारण तळहाताच्या दाबाने त्याचा स्वर सरकत जातो, आणि वाटेत एखादी कंप्रता मोटारीत अकारण फुगत असेल तर त्या सरकण्यात मध्येच एक उसळी ऐकू येते.

ती उसळी येते कोठून? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणून ५० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी जवळजवळ सात मीटर भरते, आणि मोटारीचे आतले दालन फार तर अडीच मीटर लांब. एवढा मोठा तरंग त्या दालनात मावतच नाही. जेथे दालनाची लांबी अर्ध्या तरंगाएवढी होते ती सीमा अशा मोटारीत ७० हर्ट्झच्या जवळपास येते. तिच्या खाली ध्वनी हा धावणारा तरंग न राहता साऱ्या दालनातील हवा एकदम दाबणारा आणि सोडणारा असा होतो, आणि कंप्रता निम्मी होईल त्या प्रत्येक पायरीला दाब १२ डेसिबलपर्यंत चढू शकतो. प्रत्यक्षात पत्रा लवतो, फटींतून हवा निसटते, म्हणून एवढी पुरती चढ मिळत नाही. तरीही जी मिळते ती विनामोबदला मिळते, आणि घरातील दिवाणखान्याला जे साधत नाही ते एखाद्या साध्या हॅचबॅकला साधते. काच उघडली की ही देणगी तत्काळ ओसरते. सत्तरच्या वरच्या भागात मात्र हिशेब बदलतो: तेथे तरंग काचेवरून व छतावरून परत फिरतात, आणि चालकाच्या कानापाशी काही कंप्रता एकमेकींत मिळून फुगतात, तर काही एकमेकींना छेद देऊन नाहीशा होतात. फुगलेली कंप्रता बटणाने खाली आणता येते. छेदली गेलेली मात्र वाढवून वर येत नाही, कारण बळ वाढविले की थेट येणारा आणि परत फिरलेला असे दोन्ही तरंग सारखेच वाढतात आणि बाकी पुन्हा शून्यच राहते.

या सर्वांचे परीक्षण करण्यास आज प्रयोगशाळेची गरज नाही. ज्या गणिती युक्तीने ध्वनीचे त्याच्या घटक कंप्रतांत पृथक्करण होते, तिचा पाया फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात घातला, आणि १९६५ साली कूली व ट्यूकी यांनी ते गणित यंत्राकडून झपाट्याने करवून घेण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर ते इतके सुलभ झाले की, आता खिशातल्या फोनवर नाचणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या रूपाने ते कोणालाही पाहता येते. तीस हर्ट्झपासून दहा-दहाच्या अंतराने दीडशेपर्यंतचे शुद्ध सूर मिळवावेत. मोटार शांत जागी उभी करून, काचा लावून, सर्व बटणे मध्यावर आणून, फोन चालकाच्या कानाच्या उंचीवर धरावा आणि प्रत्येक सुराचा आकडा कागदावर उतरवावा. फोनचा मायक्रोफोन तळाशी अप्रामाणिक असतो, म्हणून त्याच्या एकेका आकड्यावर भिस्त ठेवू नये. पण तोच फोन त्याच जागी ठेवून बदलाआधी व बदलानंतर घेतलेल्या आकड्यांची तुलना विश्वासार्ह असते. त्यानंतर गाणे बंद ठेवून, कोणी सोबती चालवीत असता, महामार्गावरचा नुसता रस्त्याचा आवाज त्याच रीतीने मोजावा. हे दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे तूट कोठे आहे ते दिसते, आणि ती पुष्कळदा तळच्या ३० हर्ट्झला नसून साठ ते शंभरच्या पट्ट्यात असते.

ही तूट दिसली तरी बटणाला लगेच हात लावू नये. आधी दोन ध्वनिक्षेपकांच्या तारा तपासाव्यात. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर एक कोन, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा हलणारा पडदा, बाहेर येताना दुसरा आत जातो आणि दोघांचा खर्ज परस्परांत विरतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेला हलतात की नाही हे पाहिले म्हणजे निवाडा होतो. दुसरे, दार. कोनाच्या पाठीमागचा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या नेमका उलट असतो, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला जी भोके असतात त्यांतून तो निसटून पुढच्यास मारक होतो. ती भोके बुजविली आणि पत्र्यावर ब्युटाइलचे जड थर चिकटविले, तर कोणतेही नवे यंत्र न घेता खर्ज वाढतो. हा खर्च दिसत नाही, त्याला दिवे नसतात, आणि म्हणूनच तो करण्यास गिऱ्हाईक नाखूष असते.

बटणाचा जमाखर्च आता मांडू. खर्ज ६ डेसिबलने वाढविणे म्हणजे चौपट शक्ती देणे, १२ डेसिबलने वाढविणे म्हणजे सोळापट. डेकच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असे छापलेले असते. ते कोठून येते ते पाहा. इंजिन चालू असता मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. त्याचा वर्ग करून ध्वनिक्षेपकाच्या ४ ओहमने भागला की ५१.८ येतात. परंतु हा हिशेब विद्युद्दाब सदैव शिखरावर टेकलेला असेल तरच खरा, म्हणजे आवाज पुरता फाटलेला असेल तेव्हाच. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मे, २६ वॅट, आणि वाटेतील गळती वजा जाता विसाच्या आतबाहेरच काय ते वसूल होतात. साध्या गाण्यात ५ वॅट खर्च होत असताना बटणाने १२ डेसिबल मागितले, तर तळच्या कंप्रतांसाठी ८० वॅट हवेत. ते डेकपाशी नाहीत. मग तरंगांची शिखरे छाटली जातात, आवाज फाटतो, आणि कॉइल तापते. त्यातच कोनाची अडचण आणखी वेगळी: तोच दाब निम्म्या कंप्रतेला द्यावयाचा तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते, आणि दारातील सहा इंची कोनाला तेवढी मुभाच नसते. म्हणून जाणत्या कारागिराची रीत उलटी असते. तो ऐंशीच्या खालचा भाग दारांच्या ध्वनिक्षेपकांकडून काढून घेतो, त्यामुळे ते मोकळे होऊन स्वच्छ गाऊ लागतात, आणि तो भाग वेगळ्या खोक्यातल्या मोठ्या कोनाच्या व स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करतो.

खोक्याविषयी थोडक्यात. १९५४ च्या सुमारास एडगर व्हिल्चर याने बंद खोक्यातील हवेचीच स्प्रिंग करण्याची कल्पना बाजारात आणली. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने आणि त्यानंतरच्या दशकात रिचर्ड स्मॉल याने खोक्यांचे गणित पक्के केले. बंद खोक्याचा आवाज आपल्या सीमेखाली दर पायरीस १२ डेसिबलने घसरतो, आणि मोटारीचे दालन, वर सांगितल्याप्रमाणे, तेवढ्याच मानाने चढ देऊ पाहते. त्या दोहोंची अशी सांगड बसते की मोटारीसाठी बंद खोके हेच आम्हांला अधिक सोयीचे वाटते. नळीचे खोके अधिक गरजते खरे, पण नळीच्या कंप्रतेखाली त्याची घसरण २४ डेसिबलची असते, आणि तेथे कोनाला हवेचा आधार न उरल्यामुळे तो फाटण्याचे भय असते. डिकीत गॅसची टाकी बसविलेल्या मोटारीत तर जागेचाच प्रश्न. तेथे आसनाखालच्या चपट्या पेटीवर समाधान मानावे.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्याचाही या हिशेबात वाटा आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आत त्याहून कितीतरी अधिक तापमान होते, आणि कोनाच्या कडेचा फोम व गोंद तेथेच आयुष्य घालवितात. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल वाजता वाजता १०० अंशांनी तापली की विरोध चाळीस टक्क्यांनी वाढतो, ती तेवढी शक्ती घेईनाशी होते, आणि ऐकणारा आवाज उतरला म्हणून बटण पुन्हा चढवितो. शिवाय ४०० वॅट देणारा चांगला अ‍ॅम्प्लिफायर विद्युतघटाकडून पस्तीसएक अँपिअर ओढतो. त्या तारेवर घटापासून हातभराच्या आत फ्यूज नसेल, तर पुढची गोष्ट ध्वनिशास्त्राच्या कक्षेत न राहता पंचनाम्याच्या कक्षेत जाते.

उरला शेजारी. भिंत आणि काच उंच कंप्रता जितक्या अडवितात तितक्या खालच्या अडवीत नाहीत. कंप्रता निम्मी झाली की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून वाहनावर ध्वनिक्षेपक बांधून कानबाईची मिरवणूक किंवा लग्नाची वरात गल्लीतून जात असता, अथवा एखादी मोटार रात्री दारापुढे थांबली असता, घरात गाणे पोचत नाही, केवळ धप् धप् पोचते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु मापकाला लावलेली, कंप्रतेनुसार वजाबाकी करणारी तुला फ्लेचर–मन्सन यांच्या मंद आवाजाच्या रेषेवरून घेतलेली असून, ५० हर्ट्झच्या ध्वनीतून ती सरसकट ३० डेसिबल वजा करते. मंद आवाजात ही वजाबाकी कानाशी जुळते. आवाज चढल्यावर कान सुधारतो, तुला सुधारत नाही. १०२ डेसिबलचा ५० हर्ट्झचा ठोका कानाला ८० इतका भासतो आणि मापक त्याची नोंद ७२ अशी करतो. तेव्हा बेसची तक्रार घेऊन कोणी दाराशी आला, तर त्याच्यापुढे मापकाचा आकडा धरू नये; त्याच्या खोलीत जाऊन, खिडकी लावून, स्वतःच्या कानांनी ऐकावे आणि मगच बटण कोठवर ठेवावयाचे ते ठरवावे.